परत करताना लाज कसली?

गेला महिनाभर आमच्या धाकट्या बहिणीच्या घरी रात्रीची जेवणे उरकली, की एकच विषय निघत होता : कार्ड ठेवायचे की परत करायचे? वाचकांनी रेशनकार्डाचा विचार मनात आणू नये. हे कार्ड आमच्या भाचीच्या कॉम्प्युटरमधले. त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. किंमत २६,५०० रुपये.

आमची बहीण औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. दाजी एका सोसायटीत वॉचमन आहेत. भाची कॉलेज सांभाळून अ‍ॅनिमेशनचा कोर्स करते आणि लग्न, नामकरण, शाळेचे स्नेहसंमेलन, जयंतीची मिरवणूक अशा कार्यक्रमांचे व्हिडिओ घरी बसून एडिट करून देते. जुन्या कॉम्प्युटरवर पाच मिनिटांचा व्हिडिओ तयार व्हायला अर्धी रात्र जायची. म्हणून बहिणीने भिशीचे २०,००० दिले, पोरीने स्वतःच्या कमाईचे ६,५०० घातले आणि संगणकाच्या बाजारातून नवे कार्ड आणले. त्या दिवशी घरात पेढे वाटले होते.

सहाव्या दिवशी कॉम्प्युटर चालता चालता बंद पडला.

पुढे काय झाले ते सांगण्याआधी हे कार्ड करते काय, ते थोडक्यात सांगतो. आपल्या नेहमीच्या कॉम्प्युटरचा पडदा म्हणजे आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके. गुणाकार केला तर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके होतात. पडद्यावरचे चित्र सेकंदाला साधारण ६० वेळा नव्याने उमटते. म्हणजे एका सेकंदात १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. हे काम करणारी चिप आणि तिची स्वतःची मेमरी या कार्डावर असते. साध्या पत्रव्यवहाराला वेगळे कार्ड लागत नाही, पण अ‍ॅनिमेशन आणि व्हिडिओच्या कामाला ते लागते. भारी काम चालू असताना ते वीजही भरपूर खाते आणि तापते. म्हणून त्यावर पंखे बसवलेले असतात.

तर कॉम्प्युटर बंद पडू लागला. साधे काम करताना काही नाही, पण व्हिडिओ तयार करायला लावला, की दहा-पंधरा मिनिटांत पडदा काळा आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू. घरात जितकी तोंडे तितकी मते. दाजी म्हणाले, "नवी वस्तू आहे, रुळायला वेळ लागेल." शेजारचा एक तरुण म्हणाला, "कार्डच गेलंय, आजच्या आज दुकानदाराच्या तोंडावर मारा." भाचीच्या मैत्रिणीने तिसराच मार्ग सुचवला : "जाहिरात टाकून विकून टाक. घेणाऱ्याला काय कळतंय?" बहिणीने शेवटी आम्हाला फोन केला. "दादा, तू जरा येऊन बघ. पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही."

आम्ही काही कॉम्प्युटर इंजिनिअर नव्हे. आमची विद्या बी. कॉम.पुरती आणि आमचे आयुष्य कारकुनीत चाललेले. पण कारकुनाला एक गोष्ट येते, ती म्हणजे नोंद ठेवणे. आम्ही भाचीला शंभर पानी वही आणायला लावली आणि रकाने आखले : तारीख, वेळ, काय काम चालू होते, काय घडले, आपण काय बदलले, त्याने काय फरक पडला. आणि एक नियम घातला, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.

वही दोन दिवस भरली आणि पहिली गोष्ट उघड झाली. मशीन बंद पडायचे ते फक्त भारी कामात. मग आम्ही मुख्य स्विच बंद करून, वायर काढून कॅबिनेट उघडले. आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावावा. आपल्या अंगावर साठलेली स्थिर वीज अशा कार्डाला मारक ठरते. कार्ड कडेने धरून काढले, पुसले, खाचेत पुन्हा नीट बसेपर्यंत दाबले आणि स्क्रू आवळला. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. कार्ड जड असते, प्रवासात सैल होते आणि आपण मात्र नशिबाला बोल लावतो.

आमच्या बाबतीत तेवढ्याने झाले नाही. मग लक्ष गेले एसएमपीएसकडे. मशीनला वीज वाटून देणारा तो लोखंडी डबा. कॉम्प्युटर सेकंडहॅन्ड घेतलेला, त्याच्यासोबत आलेला हा डबा सात-आठ वर्षांचा, त्यावर कोणत्याही ओळखीच्या कंपनीचे नाव नाही, नुसते ४५० वॅट छापलेले. आणि नव्या कार्डाच्या खोक्यावर स्पष्ट लिहिलेले, की किमान ५५० वॅटचा पुरवठा हवा! कार्डाला खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून जास्त लागणारी वीज वेगळ्या वायरने द्यावी लागते. सहा पिनांची वायर ७५ वॅटची, आठ पिनांची १५० वॅटची. जुन्या डब्याला आठ पिनांची वायरच नव्हती, म्हणून कोणीतरी हार्डडिस्कच्या वायरीला जोड देऊन काम भागवले होते. जोडाचे प्लास्टिक हाताला गरम लागत होते. आणखी काही दिवस तसेच चालले असते तर जोड वितळला असता.

ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याकडून आम्ही ६५० वॅटचा चांगला एसएमपीएस दोन दिवसांसाठी मागून आणला. तो लावला आणि मशीन रात्रभर काम करत राहिले. एकदाही बंद पडले नाही.

वाचकहो, आता विचार करा. शेजारच्या तरुणाचे ऐकून आम्ही त्याच दिवशी दुकानात जाऊन आरडाओरडा केला असता, तर दुकानदाराने त्याच्या मशीनवर कार्ड चालवून दाखवले असते आणि आम्हाला खाली मान घालून यावे लागले असते. चोर सोडून संन्याशाला सुळी दिल्यासारखे झाले असते. मशीन बंद पडण्याचा दोष आपल्या घरातला होता. तसे भाचीने वहीत लिहिले : "दोष आपला. एसएमपीएस बदलणे." चांगला नवा घ्यायला ४,२०० रुपये लागले. जिवावर आले, पण घेतला.

त्याच वेळी आमच्या ओळखीच्या वायरमनने खोलीतला सॉकेट तपासला. तीन पिनांचा सॉकेट होता खरा, पण तिसऱ्या भोकाला आत वायरच जोडलेली नव्हती. म्हणजे अर्थिंग नाही. कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात, असे बहीण कधीची सांगत होती आणि सगळे हसण्यावारी नेत होते. आपल्या चाळींत आणि वस्त्यांत ही गोष्ट घरोघरी आहे. यात कॉम्प्युटर तर बिघडतोच, माणसाच्या जिवालाही धोका असतो. ज्यांच्या घरी फ्रीज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर आहे त्यांनी या आठवड्यात जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. आमची ही विनंती समजा.

इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण बाराव्या दिवशी नवीनच प्रकार सुरू झाला. पडद्यावर रंगीत चौकटी उमटू लागल्या. हिरव्या, गुलाबी, बुद्धिबळाच्या पटासारख्या. मशीन बंद पडत नव्हते, पण चित्रावर चौकटी, मध्येच पडदा गोठायचा आणि विंडोजच्या यादीत कार्डाच्या नावापुढे पिवळी खूण यायची. त्यावर क्लिक केले की संदेश : कोड ४३. याचा अर्थ एवढाच, की या उपकरणाने काहीतरी बिघाड कळवला, म्हणून विंडोजने ते थांबवले. बिघाड कशाचा ते त्यावरून कळत नाही. ते आपल्यालाच शोधावे लागते.

एकदा फजिती होता होता वाचली होती, म्हणून या वेळी आम्ही ताकही फुंकून प्यायचे ठरवले. क्रम असा ठेवला.

पहिली तपासणी वायरीची आणि पडद्याची. एचडीएमआय वायर बदलली, मग मॉनिटर काढून घरचा टीव्ही लावून पाहिला. चौकटी तशाच. भाचीने एक युक्ती केली. चौकटी दिसत असताना स्क्रीनशॉट घेतला आणि तो मोबाइलवर पाठवला. मोबाइलवरच्या चित्रातही चौकटी होत्या. म्हणजे वायरीपर्यंत पोहोचण्याआधीच चित्र बिघडलेले होते. स्क्रीनशॉट स्वच्छ आला असता तर आधी मॉनिटर आणि वायर यांच्यावर संशय घ्यावा लागला असता.

दुसरी तपासणी ड्रायव्हरची. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यामधला दुभाषी प्रोग्राम. दुभाषी चुकला तरी गोंधळ होतो. जुन्या कार्डाचा ड्रायव्हर अर्धवट राहिला तर नव्याला त्रास देतो. विंडोज सेफ मोडमध्ये सुरू करून, डीडीयू नावाचा मोफत प्रोग्राम वापरून जुने सगळे पुसून काढले आणि कंपनीच्या अधिकृत साइटवरून नवा ड्रायव्हर घातला. चौकटी तशाच. शिवाय एका सकाळी मशीन सुरू होताना, विंडोज येण्याच्या आधीच, कंपनीच्या चिन्हावर चौकटी दिसल्या. त्या वेळी विंडोजमधला ड्रायव्हर सुरूही झालेला नसतो. म्हणजे दुभाषी निर्दोष सुटला.

तिसरी तपासणी तापमानाची. भारी कामात कार्डाचे तापमान ७१ अंश. अशी कार्डे कामात असताना ६० ते ८० अंशांच्या दरम्यान असणे नेहमीचेच. पंखे फिरत होते, धूळ नव्हती.

चौथी तपासणी मशीनच्या स्वतःच्या मेमरीची, म्हणजे रॅमची. तीही बिघडली तर असेच विचित्र प्रकार होतात. मेमटेस्ट नावाचा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घालून रात्रभर चालू ठेवला. सकाळी एकही चूक दाखवली नव्हती.

पाचवी आणि सगळ्यात महत्त्वाची तपासणी अदलाबदलीची. आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत मुलांसाठी एक चांगला कॉम्प्युटर आहे. मंडळाच्या कार्यकर्त्यांना विचारून, रविवारी दुपारी भाचीचे कार्ड त्यात बसवले. वीस मिनिटांत तिथल्या पडद्यावर त्याच चौकटी! मग उलट बाजूने पाहिले. कार्ड काढून ठेवले, मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या मागच्या खाचेत लावली आणि भाचीचे मशीन दोन दिवस तसेच चालवले. तिच्या प्रोसेसरमध्ये साधे ग्राफिक्स आहे, म्हणून ते जमले. काम मंद झाले, पण एकही चौकट दिसली नाही.

कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये गेले तर दोष त्याच्याबरोबर गेला. कार्ड काढले तर या मशीनमधला दोष गेला. कोर्टातसुद्धा याहून सरळ साक्ष मिळणे कठीण. कार्डाची मेमरी सदोष असावी असा आमचा अंदाज. पण तो अंदाजच, कारण कार्ड खोलून पाहणे आपले काम नव्हे.

इथे एक सावधगिरी सांगतो. मोबाइलवरच्या व्हिडिओंत लोक बिघडलेले कार्ड ओव्हनमध्ये भाजायला, गरम हवेने शेकायला, आतला प्रोग्राम बदलायला सांगतात. वॉरंटीतल्या वस्तूवर यातले काहीही करू नये. स्क्रूवरचे स्टिकर फाडले, भाजल्याच्या खुणा दिसल्या, तर वॉरंटी नाकारायला कंपनीला आयतेच कारण मिळते.

आता निर्णय घ्यायचा होता. एकोणिसावा दिवस उजाडला होता. आणि नेमके त्याच दिवशी शेजारच्या तरुणाने एक प्रयोग केला. एका प्रोग्रामने कार्डाच्या मेमरीचा वेग कमी केला. चौकटी जवळजवळ गेल्या! सगळ्यांचे चेहरे उजळले. बहीण म्हणाली, "चालतंय ना आता? मग राहू दे, दादा. कशाला दुकानात जाऊन तोंड वाजवायचं? थोडं हळू चाललं तर काय बिघडलं? आपल्याला कुठं आजवर सगळं नवंकोरं नि धडधाकट मिळालंय!"

हे शेवटचे वाक्य आमच्या काळजात घुसले. १९९१ सालची गोष्ट आठवली. आम्ही तेव्हा सहावीत होतो. वडील गोदीत कामाला. उन्हाळ्यात धाकट्या बहिणीला, म्हणजे हिलाच, घामोळ्यांचा त्रास व्हायचा, म्हणून वडिलांनी पैसे साठवून टेबलफॅन आणला. घरी आणून लावला तर तीन बटणांपैकी एकच चालत होते. दुसऱ्या दिवशी वडील आम्हाला बरोबर घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने त्यांना पायरीवरच उभे ठेवले. बिल बघितले नाही, पंखा लावून बघितला नाही. "तुम्हीच बिघडवला असेल," एवढेच म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. वडील पंखा डोक्यावर घेऊन परत आले. वाटेत एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर आईला म्हणाले, "एक बटण चालतंय की. बास झालं." तो पंखा आमच्या घरात नऊ वर्षे एकाच बटणावर फिरला. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ सालीच झाला होता. पण तो आमच्या घरापर्यंत पोहोचला नव्हता.

आम्ही बहिणीला तो पंखा आठवतो का विचारले. ती म्हणाली, "आठवतो तर." मग थोड्या वेळाने म्हणाली, "जा उद्या दुकानात."

बी. कॉम.चा उपयोग इथे झाला. आम्ही वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. कार्ड ठेवले तर : पूर्ण वेगाचे पैसे दिले आणि कमी वेगाची वस्तू मिळाली. आज वेग कमी करून भागले, पण दोष वाढणार नाही याची हमी कोण देणार? ऐन लग्नसराईत बंद पडले तर ऑर्डर जाईल आणि नावही जाईल. कार्ड गुपचूप विकले तर : पैसे येतील, पण आपल्यासारख्याच कोणाच्या तरी पोरीच्या गळ्यात आपण जाणूनबुजून सदोष वस्तू बांधू. ती वाट आम्ही विचारातही घेतली नाही. भाचीने मैत्रिणीला तसे तोंडावर सांगितले, याचा आम्हाला आनंद वाटला. परत केले तर : एक दिवसाची रजा, गाडीभाडे आणि थोडी बोलाचाली. हिशोब सरळ होता.

कायदा काय म्हणतो, तेही वाचकांनी नीट समजून घ्यावे. १९८६ चा कायदा जाऊन ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आला आणि त्यातला मोठा भाग २० जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही या कायद्याच्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. परत घेण्याची मुदत बिलावर लिहिलेली असेल तर ती, आणि लिहिलेली नसेल तर तीस दिवस. बिल न देणे हीसुद्धा त्याच कलमाखाली अनुचित प्रथा धरली आहे. मात्र हा हक्क सदोष मालासाठी आहे. वस्तू मनातून उतरली, दुसरीकडे स्वस्त दिसली, म्हणून परत करायचा नव्हे. तसेच तीस दिवस उलटले म्हणजे सगळे संपले असेही नाही. कंपनीची वॉरंटी असते. आमच्या कार्डाला ती तीन वर्षांची होती. फक्त तो मार्ग लांबचा, कारण कार्ड सेवा केंद्रात जाते, दुरुस्त होऊन येते किंवा बदलून मिळते आणि तोवर वाट पाहावी लागते.

आमच्या बिलाच्या खाली "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असे छापलेले होते. ते वाचून दाजी थबकले. आम्ही म्हटले, "दाजी, दुकानदाराने छापलेली ओळ कायद्यापेक्षा मोठी होत नाही."

विसाव्या दिवशी आम्ही, बहीण आणि भाची दुकानात गेलो. कार्ड मूळ पिशवीत, मूळ खोक्यात. बिल, चौकटींचे व्हिडिओ आणि ती वही. वाटेत भाचीला सांगून ठेवले, की बोलायचे तू, आम्ही मागे उभे राहू. आवाज चढवायचा नाही, पण मागे सरकायचे नाही.

दुकानदार पहिल्यांदा म्हणाला, "मॅडम, एसएमपीएस लोकल असेल." भाचीने वही उघडून दाखवली. "होता काका, माझाच दोष होता. आठव्या दिवशी कळलं, दहाव्या दिवशी बदलला. हे त्याचं बिल. चौकटी त्यानंतर आल्या. दुसऱ्या मशीनवरही येतात. ही तारीख, ही वेळ." दुकानदाराने वही हातात घेतली आणि दोन-तीन पाने उलटली. मग आतल्या मुलाला हाक मारली, "हे टेस्टिंगला लाव." आम्ही बाकावर बसलो. बहीण पदराचे टोक पिळत होती. अर्धा तास काहीच झाले नाही. पडदा स्वच्छ! आमच्याही पोटात गोळा आला. पस्तिसाव्या मिनिटाला हिरव्या-गुलाबी चौकटी उमटल्या. कॉम्प्युटर बिघडल्याचा इतका आनंद आम्हाला आयुष्यात कधी झाला नव्हता.

तरी दुकानदार एकदम तयार झाला नाही. "सर्व्हिस सेंटरला पाठवतो, महिनाभर लागेल," म्हणाला. मग "हा डिस्प्लेचा पीस घेऊन जा," म्हणाला. भाची म्हणाली, "काका, मी नव्याचे पैसे दिलेत. मला सीलबंद नवं द्या, नाहीतर पैसे द्या. आज तीस दिवस झालेले नाहीत. देणार नसाल तर तसं बिलावर लिहून सही-शिक्का द्या." लिहून द्या म्हटल्यावर भल्याभल्यांची भाषा बदलते, हा आमचा ऑफिसातला वीस वर्षांचा अनुभव आहे. दुकानदाराने आत जाऊन फोन केला, परत आला आणि म्हणाला, "चार दिवसांत नवा माल येतोय. त्यातलं देतो." भाचीने कार्ड जमा केल्याची पावती मागितली. तिच्यावर तारीख आणि सीरियल नंबर लिहून घेतला.

चार दिवसांनी नवे सीलबंद कार्ड मिळाले. बिलावर नवा सीरियल नंबर घालून शिक्का मारून घेतला, म्हणजे वॉरंटीच्या वेळी अडचण नको. निघताना दुकानदार भाचीला म्हणाला, "पोरी, तू जुन्या एसएमपीएसचं आपणहून सांगितलंस म्हणून मी पुढचं ऐकलं. रोज दहा जण खोटं बोलून येतात." आम्हाला वाटते, या वाक्यात सगळे आले. आपली चूक आधी मान्य केली, म्हणून दुसऱ्याची चूक ठामपणे दाखवता आली.

दुकानदाराने नाहीच म्हटले असते तर? तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर १९१५. तिथेही जमले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंत किमतीच्या व्यवहाराला तिथे फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. आपण जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, दुकान दुसऱ्या शहरात असले तरी. मुदत दोन वर्षांची. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्याही तक्रार दाखल करता येते. निकालाला वेळ लागतो हे खरे, पण कागद नीट असले की पुष्कळ प्रकरणे तिथपर्यंत जातच नाहीत.

स्वस्तात सेकंडहॅन्ड कार्ड घेणाऱ्या मुलांनाही दोन शब्द. इथेरियम हे आभासी चलन मिळवण्यासाठी जगभर लाखो कार्डे दिवसरात्र राबवली गेली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या चलनाची पद्धत बदलली आणि ती राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली. त्यातली काही अजून चांगली चालतात, काही शेवटच्या घटका मोजत असतात. काही ठग तर जुन्या, कमी ताकदीच्या कार्डातला प्रोग्राम बदलून त्याला नव्या कार्डाचे नाव देतात. जीपीयू-झेड नावाचा मोफत प्रोग्राम अशी पुष्कळ बनावट कार्डे ओळखून दाखवतो. म्हणून पैसे देण्याआधी विकणाऱ्याच्या समोर अर्धा-पाऊण तास भारी काम चालवून पाहावे. तो तयार नसेल तर नमस्कार करून निघावे.

कार्डच नव्हे, मिक्सर, मोबाइल, शिलाई मशीन, काहीही घ्या. खालच्या ओळींचे कात्रण करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा :

पक्के बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. बिलाचा मोबाइलवर फोटो काढा, कारण शाई उडते.
ऑनलाइन मागवलेले खोके उघडताना पहिल्यापासून व्हिडिओ काढा.
खोके, पिशव्या, वायरी निदान महिनाभर टाकू नका.
बिघाड दिसला की तारीख-वेळ लिहा. आधी आपल्याकडची वायर, सॉकेट, अर्थिंग तपासा.
एका वेळी एकच गोष्ट बदला. शेवटी वस्तू दुसरीकडे लावून पाहा.
दोष वस्तूचाच ठरला तर तीस दिवसांच्या आत दुकानात जा. "चालतंय की" म्हणून दिवस घालवू नका.

परवा बहिणीकडे गेलो होतो. भाचीचे काम चालू होते, पडदा स्वच्छ होता. ती शंभर पानी वही तिने फेकली नाही. आता त्यात वस्तीतल्या एका काकूंच्या नव्या फ्रीजची नोंद सुरू आहे. फ्रीज घेऊन अकरा दिवस झालेत, आणि बर्फ धरत नाही.